एका मुलीकडून चौदा वर्गांत: १९७४ सालचं शाळेतल्या गोवराचं प्रकरण

शाळेत साथ आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणाशेजारी बसतो?" बाई विचारतात, आई विचारते, घरी आलेली आशाताई विचारते. गोवराच्या तपासात या एकाच प्रश्नावर भिस्त ठेवली तर निम्मी गोष्ट हातातून निसटते, हे मला एका जुन्या प्रकरणाने शिकवलं. आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणात मी साथरोगांचा तास घेते. पुस्तकातल्या पायऱ्या सांगून झाल्या की हे प्रकरण फळ्यावर मांडते आणि पुढचे दोन तास त्यातच जातात.

घटना अशी. १९७४ चा वसंत ऋतू. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, उपनगरातली एक प्राथमिक शाळा. इमारत आधुनिक. दुसरीतल्या एका मुलीला गोवर झाला. तिच्यापासून २८ मुलांना लागण झाली, आणि ही २८ मुलं १४ वेगवेगळ्या वर्गांतली होती. त्यानंतर लागणीच्या आणखी दोन पिढ्या (एका फळीकडून लागण झालेली पुढची फळी म्हणजे एक पिढी) झाल्या, एकूण आकडा ६० वर पोचला आणि साथ ओसरली.

एवढं सांगून मी थांबते. सगळ्यांचा अंदाज एकच असतो: लस झाली नसणार. मग मी शेवटची ओळ लिहिते. शाळेतल्या ९७ टक्के मुलांना गोवराची लस दिलेली होती.

या साथीचा अभ्यास ई. सी. रायली, जी. मर्फी आणि आर. एल. रायली यांनी केला आणि १९७८ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ एपिडेमिऑलॉजी'मध्ये तो छापून आला. हवेतून पसरणाऱ्या रोगांचं गणित आज जगभर ज्या समीकरणाने मांडतात, ते या एका शाळेच्या साठ मुलांवरून उभं राहिलेलं आहे. म्हणून ते नीट, आकड्यांना हात लावून पाहण्यासारखं आहे.

आलेख आणि नकाशा

गोवराचं वेळापत्रक बऱ्यापैकी पक्कं असतं. लागण झाल्यापासून साधारण दहा-बारा दिवसांनी ताप, खोकला, वाहणारं नाक, लाल डोळे सुरू होतात. लागणीपासून चौदाव्या दिवसाच्या आसपास पुरळ उठतं, कानामागून आणि कपाळावरून सुरू होऊन खाली उतरत जातं. मूल दुसऱ्यांना रोग देऊ लागतं ते मात्र पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून. म्हणजे ज्या दिवसांत ते सर्वांत घातक असतं त्या दिवसांत बघणाऱ्याला फक्त सर्दी-खोकला दिसतो. सर्दी-खोकल्यासाठी शाळा बुडवायची पद्धत नाही, तिथेही नाही आणि आपल्याकडेही नाही.

या वेळापत्रकामुळे साथीचा आलेख काढला की पिढ्या वेगळ्या दिसतात. आधी एक रुग्ण, मग मोकळे दिवस, मग एकदम उभा मनोरा. मधल्या मोकळ्या दिवसांत सगळ्यांना वाटतं, सुटलो. या शाळेतला पहिला मनोरा २८ मुलांचा होता. हळूहळू चढत गेलेली ही साथ नव्हती, तिचा भडकाच उडाला. सगळी मुलं एकाच सुमारास आजारी पडली याचा अर्थ सगळ्यांना लागणही एकाच सुमारास झाली, आणि मागे मोजत गेलं की बोट त्या एका मुलीवर येऊन थांबतं.

आता नकाशा. मी फळ्यावर चौकोन काढते, चौदा. एकात ती मुलगी. बाकावरून बाकावर पसरणारा रोग असता तर तिच्या वर्गात खडूच्या ठिपक्यांची गर्दी झाली असती, शेजारच्या वर्गात दोन-चार दिसले असते आणि लांबचे चौकोन कोरे राहिले असते. २८ मुलं १४ वर्गांत विभागली की वर्गाला सरासरी दोनच येतात. म्हणजे मुलांची मोठी संख्या अशी, की जी तिच्या वर्गात बसतच नव्हती.

मग या चौकोनांना जोडणारं होतं तरी काय? तपास करणाऱ्यांनी तीन वाटा धरल्या. एक, त्या मुलीच्या स्वतःच्या वर्गाची खोली. दोन, शाळेची बस. तीन, इमारतीची हवा. त्या शाळेत वर्गावर्गांतून हवा ओढून घ्यायची, त्यात थोडी बाहेरची हवा मिसळायची आणि तीच डक्टमधून, म्हणजे हवेच्या मोठ्या नळांतून, सगळीकडे परत सोडायची अशी सोय होती. परत फिरवलेल्या हवेचा वाटा मोठा होता. थंड मुलखातल्या इमारतीत हे साहजिकच आहे. बाहेरची गार हवा आत घेऊन तापवायला इंधन लागतं; एकदा तापवलेली हवाच पुन्हा फिरवली की पैसे वाचतात.

बस या यादीत का आली, तर त्यामागे आधीचा एक मोठा अनुभव आहे. विल्यम फर्थ वेल्स हा स्वच्छता अभियंता. खोकल्यातून उडालेल्या बारीक थेंबातलं पाणी क्षणात उडून जातं आणि उरलेला कण इतका हलका असतो की तो खाली न पडता हवेत तरंगत राहतो, हे त्याने १९३० च्या दशकात मांडलं. पुढे फिलाडेल्फियाच्या परिसरातल्या शाळांत त्याने वर्गाच्या वरच्या भागात अतिनील किरणांचे दिवे लावून पाहिले आणि त्या वर्गांमध्ये गोवर कमी पसरलेला आढळला. मग न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रामीण शाळांत हाच प्रयोग दुसऱ्यांनी केला, तर तिथे म्हणावा तसा परिणाम दिसला नाही. त्या शाळांतली मुलं खेड्यापाड्यांतून बसने येत. वर्गातली हवा दिव्यांनी शुद्ध केली तरी बंद बसमध्ये मुलं एकमेकांची हवा घेतच होती. अनेकांनी तेव्हा या सगळ्या कल्पनेलाच रामराम ठोकला. १९७४ च्या तपासात बसचा वेगळा हिशेब मांडला गेला त्यामागे या जुन्या प्रयोगांचा धडा आहे, असं मला वाटतं.

हवेचा हिशेब

वेल्सने एक माप सुचवलं होतं: क्वांटम. विषाणू किती हे मोजायचं नाही, परिणाम मोजायचा. रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या माणसांनी सरासरी एकेक क्वांटम श्वासातून आत घेतला, तर त्यातल्या सुमारे ६३ टक्क्यांना लागण होते. शंभर का नाही? कारण पाऊस पडावा तसं हे असतं. सरासरी एक थेंब प्रत्येक फरशीवर पडणार असला तरी प्रत्यक्षात काही फरशांवर दोन-तीन पडतात आणि काही कोरड्याच राहतात.

मग लागणीची शक्यता कशावर ठरते? खोलीत किती रुग्ण, एकेक रुग्ण मिनिटाला किती क्वांटा (क्वांटमचं अनेकवचन) सोडतो, निरोगी माणूस मिनिटाला किती हवा आत घेतो, किती वेळ तिथे असतो, या चारांचा गुणाकार करायचा आणि त्याला मिनिटाला मिळणाऱ्या ताज्या हवेने भागायचं. आलेला आकडा म्हणजे श्वासातून गेलेले क्वांटा. समीकरणाला वेल्स-रायली हे नाव पडलं.

वर्गात समजावताना मी मनाने रचलेली शाळा घेते. आकडे त्या मूळ शाळेचे नव्हेत. समजा सबंध इमारतीत मिनिटाला १,००० घनमीटर ताजी हवा येते आणि आतली हवा सगळीकडे सारखी मिसळते. मूल मिनिटाला सहा लिटर हवा आत घेतं. शाळा पाच तासांची. एक मुलगी मिनिटाला ९३ क्वांटा सोडते. एका दिवसात प्रत्येक मुलाच्या छातीत गेले साधारण ०.१७ क्वांटा, म्हणजे लागणीची शक्यता १५ टक्के. ती मुलगी कुठल्या मजल्यावर आहे याच्याशी काही संबंध नाही. ताजी हवा निम्मी केली तर शक्यता जाते २८ टक्क्यांवर. दुप्पट केली तर येते ८ वर. हा सगळा एका दिवसाचा हिशेब. दोन-तीन दिवस ती शाळेत येत राहिली तर काय होईल हे प्रशिक्षणातल्या मुली स्वतःच वहीत करून बघतात आणि मग वर्गात शांतता पसरते.

९३ हा आकडा मात्र मी मनाने घेतलेला नाही. रायली आणि सहकाऱ्यांनी शाळेची हवा, वर्ग, बस, मुलांची संख्या आणि प्रतिकारशक्तीचे अंदाज धरून उलटा हिशेब केला, तेव्हा त्या मुलीने मिनिटाला सुमारे ९३ क्वांटा सोडले असणार असं उत्तर आलं. तासाला साडेपाच हजारांहून जास्त. तुलनेला एक आकडा देते. यांच्यातलेच रिचर्ड रायली पूर्वी वेल्सबरोबर बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात काम करत. सहा खाटांच्या टीबी वॉर्डातली हवा डक्टने छतावरच्या खोलीत नेऊन तिथल्या गिनीपिगांना त्यांनी ती पाजली होती. त्या रुग्णांमागे सरासरी निघाली तासाला सव्वा क्वांटा. टीबीला आपण केवढं घाबरतो!

आणखी एक गोष्ट या हिशेबातून निघाली, आणि माझ्या मते तपासातली सर्वांत महत्त्वाची तीच. दुसऱ्या पिढीतली २८ मुलं त्या मुलीइतका रोग पसरवत नव्हती. त्यांची क्षमता साधारण दसपटीने कमी निघाली. आकड्यांकडे बघितलं तरी कळतं. एकीने २८ जणांना दिला, पण त्या २८ जणांकडून आणि त्यांच्या पुढच्या पिढीकडून मिळून आणखी तिसेकांनाच. मुलं आता लवकर घरी पाठवली जात असतील, लागण होऊ शकणारी मुलंही कमी उरली असतील, या गोष्टी असतातच. पण त्या जमेस धरूनही ती मुलगी वेगळी होती. करोनानंतर 'सुपरस्प्रेडर' हा शब्द आपल्याकडे घरोघरी झाला. इथे १९७४ मध्येच एका लहान मुलीच्या बाबतीत तो अनुभव मोजून ठेवलेला आहे. हे सांगताना मी एक काळजी घेते: त्या मुलीचा यात काडीचाही दोष नव्हता. ती आजारी होती आणि शाळेत गेली होती, एवढंच.

एकदा एका आरोग्यसेविकेने मागच्या बाकावरून विचारलं, "मॅडम, आणि मधली सुट्टी?" अगदी बरोबर जागी बोट ठेवलं तिने. वर्ग, बस आणि डक्ट या तीन वाटा धरल्या, पण मुलं व्हरांड्यात भेटतात, डबा खातात, नळावर रांग लावतात, भावंडं असतात. शिवाय ९३ हा आकडा साथ किती पसरली त्यावरूनच काढलेला; मग तोच आकडा घेऊन साथ हवेने पसरली हे सिद्ध झालं असं म्हणणं म्हणजे आपल्याच शेपटीमागे धावणं. लेखकांना हे ठाऊक होतं. डक्टमधून फिरलेल्या हवेवर दाट संशय येतो, इतपतच त्यांची भाषा आहे. माझ्या मते त्या संशयाला खरं बळ समीकरणापेक्षा चौदा चौकोनांतल्या विखुरलेल्या ठिपक्यांनी मिळतं. मधल्या सुट्टीत एका मुलीची गाठ दहा-वीस मुलांशी पडेल. पण पळभर भेटून इतक्या वर्गांत रोग जावा हे पटायला अवघड आहे.

सत्त्याण्णवचं कोडं

आता त्या शेवटच्या ओळीकडे येते. इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण आपल्या कामात रोज उपयोगी पडणारा भाग हाच आहे.

गोवराची लस अमेरिकेत १९६३ मध्ये आली. सुरुवातीला ती नवव्या महिन्यात द्यावी अशी शिफारस होती. १९६५ मध्ये ती बाराव्या महिन्यावर नेली आणि १९७६ मध्ये पंधराव्यावर. १९७४ मध्ये प्राथमिक शाळेत असलेली मुलं साठच्या दशकात जन्मलेली, म्हणजे या बदलांच्या ऐन धामधुमीत टोचून घेतलेली. या शाळेतल्या बऱ्याच मुलांना वर्षाच्या आतच लस मिळालेली होती.

वर्षाच्या आत लस दिली तर काय बिघडतं? आईला गोवर होऊन गेलेला असेल तर तिच्याकडून गर्भातच बाळाला प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारे रक्तातले घटक, मिळतात. ती बाळाचं काही महिने रक्षण करतात, हे चांगलंच. पण लसीत असतो जिवंत, दुबळा केलेला विषाणू. तो शरीरात थोडा वाढला तरच शरीर त्याला ओळखायला शिकतं. आईची प्रतिपिंडं त्यालाही रोगाचाच विषाणू समजून गारद करतात. टोचणं होतं, कार्डावर खूण होते, शरीर मात्र काहीच शिकत नाही. नवव्या महिन्यात दिलेली लस साधारण ८५ टक्के बाळांत लागू पडते, बाराव्या महिन्यात दिली तर ९५ टक्क्यांत.

पुन्हा मनाने रचलेली शाळा, हजार मुलांची. ९७० जणांना लस झाली, ३० जणांना नाही. सगळ्यांना नवव्या महिन्यात दिली असं धरलं तर ९७० पैकी १४५ जणांत ती लागलीच नाही. त्यात ते ३० मिळवा: १७५ मुलं रोगापुढे उघडी. सुरक्षित उरली साडेब्याऐंशी टक्के. गोवर थोपवायला ९२ ते ९५ टक्के मुलं खरोखर सुरक्षित लागतात. म्हणजे नोंदवहीत ९७ लिहिलेली शाळा प्रत्यक्षात ८२ ची असू शकते.

याच हिशेबातून दुसरी एक गोष्ट निघते आणि ती फार नुकसान करते. उघड्या १७५ मुलांत लस घेतलेली १४५ आहेत. सगळी आजारी पडली तर शंभर रुग्णांमागे ८३ जण लस घेतलेले निघतील. बातमी काय होईल? "लस घेतलेल्यांनाच गोवर!" आणि ती खोटीही नसेल. पण लस न घेतलेल्या तीसच्या तीस मुलांना रोग झाला, लस घेतलेल्यांत शंभरात पंधरांना, हे त्या मथळ्यात कधीच येत नाही. माझ्या प्रशिक्षणातल्या प्रत्येक आरोग्यसेविकेला ही दोन वाक्यं पाठ असायला हवीत असा माझा हट्ट आहे. वस्तीत कोणी आई अंगावर धावून आली की तेव्हा कामाला येतं ते हेच. नुसतं "लस सुरक्षित आहे" म्हणून तिचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. तिच्या मुलाला ताप आहे.

म्हणून लाईन लिस्ट, म्हणजे साथीतल्या रुग्णांची यादी, करताना 'लस झाली का: हो / नाही' या रकान्यावर माझा विश्वास नाही. मला तारीख हवी. कार्ड बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घालून ठेवलेलं असतं, घडीवर अक्षर पुसट झालेलं, कधी कोपरा उंदराने कुरतडलेला. उन्हात धरून तारीख वाचावी लागते. समजा जन्म १४ मार्चचा आणि लस २ डिसेंबरला. नोंदवहीत हे बाळ 'पूर्ण' आहे. बोटं मोजली तर नऊ महिने भरायला बारा दिवस बाकी होते. त्या दिवशी सत्र होतं, आई आलेली होती, बाळ गुटगुटीत होतं, टोचलं. अशी टोचणी मोजणीत धरायची नसते, नऊ महिने भरल्यावर पुन्हा द्यायची असते. पण बारा दिवसांची ही वजाबाकी करायला साथ यावी लागते, हे मला खुपतं.

मग आपल्याकडे नववा महिनाच का

हा प्रश्न दरवेळी येतो आणि तो रास्त आहे. अमेरिकेने पंधराव्या महिन्यापर्यंत वाट पाहिली, कारण तिथे तान्ह्या बाळांना गोवर होण्याची भीती फारशी उरली नव्हती. आपल्याकडे १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस आली तेव्हा वर्ष भरायच्या आतच बाळं आजारी पडत आणि मरत. थांबलं तर लस चांगली लागते, पण थांबलेल्या महिन्यांत बाळ जातं. तेव्हा नववा महिना निवडला तो डोळसपणे, शंभरातली पंधरा सुटणार हे माहीत असून. त्या पंधरांसाठी दुसरा डोस हवाच होता. तो आपल्या कार्यक्रमात यायला २०१० उजाडावं लागलं. आता सोळा ते चोवीस महिन्यांत तो देतात. २०१७ पासून गोवर-रुबेला अशी जोडलस सुरू झाली आणि महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळाशाळांत जाऊन ती देण्यात आली. तेव्हा पालक विचारत, "आधी दिलीये की, परत कशाला?" उत्तर वरच्या १४५ मुलांत आहे. दुसऱ्या डोसाला मराठीत आपण 'बूस्टर' म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. बूस्टर म्हटलं की वाटतं, आहे त्याला थोडा जोर दिला. गोवराचा दुसरा डोस मुख्यतः पहिला ज्यांना लागलाच नाही त्यांच्यासाठी असतो, आणि ते कोण हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून सगळ्यांना द्यायचा.

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीकडून साथ पसरली तेव्हा हे सगळं डोळ्यांसमोर घडलं. तिथली मोठी अडचण वेगळी होती, करोनाच्या काळात लसच न मिळालेली मुलं आणि दाटीच्या वस्तीतली कोंदट घरं. तरी वयाचा पेच तोच. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही रोग होऊ लागला. तेव्हा केंद्राने सांगितलं की जिथे एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालच्यांचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असेल, तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस द्या, मात्र तो मोजणीत धरू नका. पुढचे दोन डोस ठरल्या वेळी द्यायचेच. 'मोजणीत धरू नका' या सूचनेमागे न्यूयॉर्कच्या त्या शाळेसारख्या शाळांची आठवण आहे.

हवेचीही एक गोष्ट आपल्या घरातली. माझ्या आजीच्या घरी कोणाला गोवर आला की खिडक्या लावून घेत, उशाशी कडुलिंबाचा डहाळा ठेवत, "वारा लागू देऊ नका, गोवर आत जाईल" असं बजावत. त्यामागची माया खरी होती. पण त्या बंद खोलीत पाच भावंडं झोपत. आजारी मूल उठून गेलं तरी गोवराचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो, हे आजीला सांगणारं कोणी नव्हतं. आता खिडक्या लावायचं कारण बदललं आहे. शाळा अभिमानाने 'वातानुकूलित वर्ग' अशी जाहिरात करतात. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच गार करून फिरवतो. काचा लावलेल्या एसी स्कूलबसचंही तेच. तपासाच्या अर्जात यासाठी रकाना नाही, म्हणून मी तो पेनाने आखायला सांगते: खिडक्या उघड्या होत्या का, एसी कोणता, बस क्रमांक कोणता, कोण कोणत्या थांब्यावर चढतं. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत समोरासमोर खिडक्या आहेत आणि तावदानं कधीच फुटलेली आहेत, तिथली मुलं या एका बाबतीत सुदैवी आहेत.

रायलींच्या अभ्यासानंतर काही वर्षांनी, १९८१ मध्ये, अमेरिकेतच जॉर्जिया राज्यातल्या एका बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात बारा वर्षांचा एक मुलगा आला. अंगावर पुरळ उठून दुसरा दिवस. तासभर तो दवाखान्यात होता, त्यातला बहुतेक वेळ तपासणीच्या एकाच खोलीत. त्याच्यापासून सात मुलांना गोवर झाला. त्यातली तीन मुलं त्याच्याबरोबर एका खोलीत कधीच नव्हती. एक तर तो निघून गेल्यावर तासाभराने दवाखान्यात आलेलं. हवा कशी फिरते ते तपासलं, तेव्हा त्या खोलीतले कण सबंध दवाखान्यात पसरत होते असं दिसलं. रायलींच्याच पद्धतीने क्वांटा काढले, तर आले मिनिटाला १४४. त्या मुलाच्या लसीची नोंदही त्यांनी काढली. त्याला गोवराची लस झालेली होती, साडेअकरा महिन्यांचा असताना.